एका खोडलेल्या शब्दाविषयी

गोरेगाव पूर्वेला आरेच्या वाटेने थोडे आत गेले की पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने लहान लहान ओहोळ वाहू लागतात. या टेकड्यांतच ओशिवरा नदी उगम पावते आणि पुढे कारखान्यांच्या मागच्या भिंतींना खेटून, पुलांखालून, आपले नदीपण हळूहळू विसरत मालाडच्या खाडीला जाऊन मिळते. आम्ही गेली चाळीस वर्षे या गावात राहतो. त्यांतली तीस मराठी शिकवण्यात गेली. प्रस्तुत लेख एका शब्दाविषयी आहे. तो शब्द आम्हांला आठवत नाही, आणि लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

१९९५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. पदवीच्या पहिल्या वर्षाला आम्ही ‘माझ्या परिसरातील पाऊस’ असा, कोणाही मराठीच्या शिक्षकाला सुचेल तसलाच, निबंध लिहावयास दिला होता. वर्गात आरेतल्या एका पाड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी होती. घरी वारली बोलणारी, वर्गात बहुधा गप्प बसणारी. इतरांच्या निबंधांत मोर नाचले, मृद्गंध दरवळला, इंद्रधनुष्ये उमटली. हिच्या निबंधात ओहोळ होता, आणि त्यातल्या दगडांवर पाणी संथ झाल्यावर जो तपकिरी, बुळबुळीत थर धरतो त्यावरून आजी कशी घसरली, तिला चौघांनी कसे उचलून आणले, याची हकिगत होती. त्या थराला तिने घरचा शब्द वापरला होता. आम्ही तो लाल शाईने खोडला, वर ‘शेवाळ’ असे लिहिले आणि समासात ‘प्रमाण शब्द योजावा’ अशी सूचना केली.

वही परत घेताना ती म्हणाली, “सर, शेवाळ हिरवं असतं. हे ते नाही.”

“परीक्षेत हे चालणार नाही,” असे आम्ही उत्तर दिले. उत्तर खोटे नव्हते. त्यानंतर तिचे निबंध निर्दोष येऊ लागले. त्यांत मोरही आले. दुसऱ्या वर्षी तिने मराठी हा विषय सोडला.

हे सारे आम्ही विसरून गेलो होतो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आमच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एका सहकारी बाईंबरोबर आरेत सकाळचे फिरणे सुरू झाले. एके दिवशी ओहोळाशी वाकून त्यांनी जुन्या दात घासायच्या ब्रशने एका दगडावरचा तपकिरी थर खरवडला आणि बाटलीत भरला. आम्ही सहज म्हणालो, “शेवाळ गोळा करता आहात वाटतं?” त्या हसल्या. “सर, तुम्ही मराठीवाले ओल्या दगडावरच्या सगळ्यालाच शेवाळ म्हणता. हे डायटम आहेत. घरी या, दाखवते.”

त्यांच्या गॅलरीतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून जे दिसले त्याचे वर्णन करण्याची आमची योग्यता नाही. पण मराठी विश्वकोशाने डायटमांना ‘करंडक वनस्पती’ असे जे नाव दिले आहे ते किती नेमके आहे हे त्या क्षणी कळले. काचेच्या होड्या, काचेच्या सुया, काचेच्या चकत्या. प्रत्येक जीव एकाच पेशीचा, आणि त्या पेशीभोवती सिलिकेची, म्हणजे ज्यापासून वाळू आणि गारगोटी बनते त्याच द्रव्याची, दोन शकलांची पेटी. कुंकवाच्या करंड्याचे झाकण जसे बुडावर किंचित चढून बसते तशी एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढलेली. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही लेकींना एकेक शकल वाट्याला येते, आणि आलेले शकल झाकण मानून प्रत्येक लेक आतून नवे बूड घडवते. साहजिकच जिला मूळचे बूड मिळाले तिचा करंडा आईपेक्षा लहान होतो. असे पिढ्यान् पिढ्या आकार घटत जातो, आणि फारच घटला की बहुतेक जातींत लैंगिक मीलनातून एक मऊ, फुगणारी पेशी जन्मते. जुन्या करंड्याचे माप मागे टाकून ती पुन्हा पूर्ण आकाराचा करंडा घडवते. परंपरा या विषयावर आम्ही अनेक व्याख्याने दिली आहेत. त्यांतल्या एकातही हा दृष्टान्त नव्हता.

“आणि रंग?” आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, “फ्यूकोझँथिन. हरितद्रव्य आहेच, पण हे तपकिरी द्रव्य त्याला झाकून टाकतं. आणि सर, झाडाशी यांचं नातं फार लांबचं आहे. बटाट्यावर करपा पाडणारा तो फायटॉफ्थोरा आहे ना, तो यांना झाडापेक्षा जवळचा.”

त्या रात्री आम्हांला ती वही आठवली. लाल रेघ आठवली. ‘हे ते नाही’ हे वाक्य जसेच्या तसे आठवले. रेघेखालचा शब्द मात्र काही केल्या आठवेना.

पुढचे काही महिने आम्ही बाईंकडून पुस्तके नेऊन वाचत राहिलो. विज्ञानाचा विद्यार्थी नसलेल्या माणसाने वाचावे तसे, अडखळत. पहिली गोष्ट कळली ती घराजवळची होती. १९५२ ते १९५४ या काळात जर्नल ऑफ द इंडियन बॉटॅनिकल सोसायटी या नियतकालिकात एला गोन्साल्विस आणि एच. पी. गांधी यांनी मुंबई व साष्टी येथील डायटमांची पद्धतशीर नोंद तीन भागांत प्रसिद्ध केली. साष्टी म्हणजे हेच आपले बेट, ज्यावर गोरेगाव आहे. तेव्हा गोरेगाव ग्रामपंचायतीचे गाव होते आणि आरेची दुग्धवसाहत नुकती उभी राहत होती. गांधींनी पुढे कोल्हापूर, धारवाड, गुजरात असे पाणवठ्यांमागून पाणवठे धुंडाळत आयुष्य याच कामात घालवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज भारतीय डायटमांचा जो अभ्यास चालतो त्याला गांधींच्या या नोंदी वारंवार हाताशी घ्याव्या लागतात. ज्या पाण्याचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच, त्या पाण्याची हजेरी कोणीतरी वेळेवर घेऊन ठेवली होती. बोलीच्या एका शब्दाला एवढेही भाग्य लाभले नाही.

दुसरी गोष्ट अधिक दूरची आणि अधिक अस्वस्थ करणारी. डायटमाच्या पेशीत प्रकाशसंश्लेषण करणारे जे लवक असते ते त्याचे स्वतःचे नव्हे. लवके ही बाहेरून आलेल्या जीवांची रूपे आहेत हा विचार १९०५ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन मेरेझ्कोव्स्की यांनी मांडला, आणि मौज अशी की ते स्वतः डायटमांचे अभ्यासक होते. पुढे १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी तो नव्याने व पुराव्यांनिशी उभा केला. आज मान्य असलेली कथा थोडक्यात अशी : शंभर कोटी वर्षांहूनही पूर्वी एका पेशीने एक नीलहरित जिवाणू गिळला आणि पचवला नाही. त्या घरातून पुढे लाल व हिरवी शैवाले निघाली. नंतर केव्हातरी अगदी वेगळ्या कुळातल्या पेशीने एक लाल शैवाल गिळले. तेही पचले नाही. त्या दुसऱ्या गिळण्याच्या वंशात डायटम येतात. म्हणून त्यांच्या लवकाभोवती एकात एक अशी चार पटले आहेत. गिळण्याचा इतिहास तेथे आवरणांच्या रूपाने मोजता येतो.

त्या लवकात त्याचा स्वतःचा लहानसा जनुकसंच अजून आहे. डायटमाच्या लवकाचा जनुकसंच पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला तो ओडोन्टेला सायनेन्सिस या जातीचा, १९९५ साली. ज्या वर्षी आम्ही तो शब्द खोडला त्याच वर्षी. सुमारे एक लाख वीस हजार अक्षरांचा मजकूर. स्वतंत्र जगणाऱ्या नीलहरित जिवाणूंकडे हजारो जनुके असतात. पॉर्फिरा या लाल शैवालाच्या लवकात ती अडीचशेच्या आसपास उरली आहेत. डायटमाच्या लवकात प्रथिने घडवणारी जनुके उरली आहेत एकशे तीसच्या आसपास. बाकीची कोठे गेली? कित्येक कायमची हरवली. कित्येक यजमानाच्या केंद्रकात स्थलांतरित झाली. आधी केंद्रकात एक प्रत उमटली, ती चालू लागली, मग लवकातली मूळ प्रत अनावश्यक ठरून झिजून गेली. त्या जनुकांपासून बनणारे प्रथिन आता लवकाबाहेर घडते, आणि आत पोहोचण्यासाठी त्याच्या आरंभाला दुहेरी पत्ता जोडावा लागतो. पत्त्याचा पहिला भाग बाहेरचे पटल ओलांडून देतो, दुसरा थेट लवकात नेतो. स्वतःच्याच घरी जाण्यासाठी यजमानाच्या दप्तरातून शिक्का मारून घ्यावा, तसे.

आणि त्या गिळलेल्या लाल शैवालाचे स्वतःचे केंद्रक? डायटमात त्याचा मागमूस उरलेला नाही. क्रिप्टोफाइट नावाच्या दुसऱ्या एका गटात तसल्या केंद्रकाचा आक्रसलेला अवशेष अजून सापडतो, म्हणून ते होते हे आपल्याला उमगते.

या प्रकाराला शास्त्रात ‘अंतःसहजीवन’ म्हणतात. सहजीवन हा मराठीत लग्नपत्रिकेत शोभणारा शब्द आहे, आणि आम्हीही प्रथम त्याला भुललो. प्रमाणभाषा व बोली यांच्या सहजीवनावर एक गोड लेख होईल असे वाटले होते. मराठीने कानडीतून तूप घेतले, पोर्तुगीजांकडून बटाटा आणि चावी घेतली, हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. किंबहुना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला सामावून ‘आपण’, द्राविडी भाषांच्या संपर्कातून मराठीत आला असावा असे भाषावैज्ञानिक मानतात. बाहेरून आलेली वस्तू कधीकधी अशी खोल शिरते की ‘स्व’ कोण हे सांगण्याचे सर्वनामच तिच्यापासून बनते. हे खरेच आहे. पण बाई म्हणाल्या, “सर, गिळलेल्याला कोणी विचारलं नव्हतं.” आमचा गोड लेख तेथे थांबला.

पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या वाचकांना या संशोधनातला एक वाद विशेष ओळखीचा वाटेल. कोणते जनुक कोठून आले हे ठरवण्याची रीत आपल्याच रीतीची बहीण आहे. पोथ्या जुळवायच्या, पाठभेद मांडायचे, समान चुकांवरून वंशवृक्ष काढायचा, प्रक्षेप ओळखायचा. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच गरजेतून, आणि भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जे नियम बसवले तेही याच जातीचे. थॅलॅसिओसिरा या डायटमाच्या केंद्रकाचा जनुकसंच २००४ साली प्रसिद्ध झाला, फिओडॅक्टिलमचा २००८ साली, आणि जिवाणूंकडून आलेली शेकडो जनुके त्यांत असल्याचे दिसले. मग २००९ साली एक धक्कादायक दावा पुढे आला : डायटमांच्या केंद्रकातली सुमारे सोळा टक्के जनुके हिरव्या शैवालांकडून आलेली दिसतात, तेव्हा लाल शैवालाच्या आधी एखादे हिरवे शैवालही गिळले गेले असावे. तीन वर्षांनी फेरतपासणी झाली आणि या हिरव्या वारशाचा बराचसा भाग भास ठरला. कारण साधे होते. तुलनेसाठी हिरव्या शैवालांचे पुष्कळ जनुकसंच हाताशी होते, लाल शैवालांचे फार थोडे. ज्या जनुकाचा लाल नातेवाईक नोंदलेलाच नव्हता, त्याला नोंदलेल्यांतला जवळचा हिरवा नातेवाईक जोडून दिला गेला.

हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. व्युत्पत्तीच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे काय केले? ज्या शब्दाचा संस्कृत नातेवाईक कोशात सापडला त्याला तद्भव म्हटले, न सापडला त्याला देशी म्हणून बाजूला सारले. बोलीकडून साक्ष कधी मागवलीच नाही, कारण बोलीची पोथी नव्हती. आणि पोथी नव्हती याचे एक कारण असे की कोणी लिहू लागले तर आमच्यासारखा माणूस लाल शाई घेऊन उभा होता. जनुकांच्या बाबतीत ही चूक आकडेमोडीची होती, आणखी लाल शैवाले वाचली की सुधारता येण्याजोगी. आमच्या बाबतीत साक्षीदाराचे तोंड आम्हीच बंद केले होते.

दृष्टान्ताला मर्यादा असते, ती सांगणे प्रामाणिकपणाचे. शब्द म्हणजे जनुक नव्हे. आपण शब्द उसना घेतला म्हणून देणाऱ्याकडला कमी होत नाही, आणि भाषा पेशीसारखी एका पटलात बंदिस्त नसते. शिवाय जनुकाचे स्थलांतर कोणा परीक्षकाच्या आग्रहाने होत नाही. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. इतकी जनुके केंद्रकात गेली, तर उरलेली लवकातच का राहिली? याची अनेक उत्तरे पुढे आली आहेत. काही प्रथिने पटलातून ओढून नेणे अवघड, हे एक. दुसरे आम्हांला फार विचारात पाडणारे : क्षणाक्षणाला बदलणाऱ्या उजेडाला ज्यांना तत्काळ उत्तर द्यायचे असते, अशा यंत्रणेची सूत्रे तेथेच, कामाच्या जागी असणे सोयीचे. दूरच्या दप्तराला विचारून तिथला कारभार चालत नाही.

ओहोळाच्या दगडावरचा थर आज हिरवा आहे की तपकिरी, त्यावर पाय ठेवावा की ठेवू नये, हे ज्याला रोज पाणी आणताना ठरवावे लागते त्याच्याकडे दोन शब्द असतात. आमच्याकडे एकच होता, कारण आमचे पाणी नळाने येत होते. ‘पाणीवाली बाई’ मृणाल गोरे यांच्या गावात राहून ही गोष्ट ध्यानात यायला आम्हांला इतकी वर्षे लागावीत, हे आमचेच अपयश. त्या मुलीने भेद केला तो सूक्ष्मदर्शकाशिवाय, आजीच्या मोडलेल्या पायावरून केला. शास्त्राने तिचेच म्हणणे खरे ठरवले. अर्थात शास्त्राने खरे ठरवले नसते तरी तो शब्द खोडण्याचा अधिकार आम्हांला मिळत नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

डायटमांची ही कथा जुनी होऊन संपलेली नाही. ऱ्होपालोडिया नावाच्या गोड्या पाण्यातल्या डायटमाच्या आत आणखी एक पाहुणा राहतो. तोही नीलहरित जिवाणूंच्या कुळातला, हवेतला नायट्रोजन बांधून यजमानाला देणारा. त्याने स्वतःचे प्रकाशसंश्लेषण केव्हाच गमावले आहे, त्याचा जनुकसंच आक्रसत चालला आहे, आणि पेशी दुभंगली की तो मुकाट्याने दोन्हींकडे वाटला जातो. तो अजून पाहुणा की आता अवयव, याचे उत्तर अभ्यासकही सावधपणे देतात. कोठल्या पिढीत ‘तो’चा ‘आम्ही’ झाला हे आतून कळत नसावे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बाईंबरोबर त्या मुलीच्या पाड्यावर गेलो. ती लग्न होऊन कधीच दुसरीकडे गेली होती आणि तिच्या घरचे कोणी तेथे उरले नव्हते. ओहोळाशी एक आठ-दहा वर्षांचा मुलगा खेकडे शोधत होता. आम्ही तपकिरी थर धरलेल्या एका दगडाकडे बोट दाखवून विचारले, “बाळा, याला तुमच्यात काय म्हणतात?”

त्याने आमच्याकडे पाहिले. आमचा चष्मा, छत्री, बूट पाहिले. मग शाळेत उत्तर देतात तसा सरळ उभा राहून म्हणाला, “शेवाळ, सर.”

बाई काही बोलल्या नाहीत. आम्ही त्याला ‘शाबास’ म्हणालो नाही, आणि चूक आहे असेही म्हणालो नाही. कदाचित परक्या माणसापुढे त्याने शाळेतला शब्द काढला असेल आणि घरचा खिशात ठेवला असेल. तसे असावे अशी आमची आशा आहे. पुन्हा विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

या पानावर लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक शिक्षक व विद्यार्थी आहेत, म्हणून एक विनंती. परीक्षेत गुण द्यायचे असतात, प्रमाणलेखन शिकवायचे असते, हे आम्ही नाकारत नाही. तीस वर्षे त्यावरच आमची चूल पेटली. पण एखादा अनोळखी शब्द खोडावा असे वाटले तर आधी तो वेगळ्या वहीत उतरवून घ्यावा, लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा आणि अर्थासमोर गावाचे, पाड्याचे नाव लिहावे. गोन्साल्विस आणि गांधी यांनी साष्टीच्या पाण्यासाठी जेवढे केले तेवढेच. आणि ज्यांचे आरेच्या पाड्यांवर जाणे-येणे आहे, त्यांनी एखाद्या वृद्ध बाईपाशी बसून, चहा घेऊन झाल्यावर, घाई न करता, दगडावरच्या तपकिरी थराला घरी काय म्हणतात ते विचारावे. उत्तर मिळाले तर आम्हांला अवश्य कळवावे. तीस वर्षांपूर्वीची ती वही आमच्यापाशी नाही; पण शब्द ऐकला तर ओळखू येईल असे वाटते.